३३ तासांच्या भ्रूणाचे हृदय उजवीकडे का वळते?

प्राणिशास्त्रात पदवी घेतलेल्या प्रत्येकाच्या जर्नलमध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या आकृत्या असतात आणि त्या आकृत्यांखाली २४, ३३, ४८, ७२ असे तासांचे आकडे लिहिलेले असतात. त्यांतली ३३ तासांची स्लाईड माझ्या विशेष लक्षात राहिली आहे. त्या वयाच्या भ्रूणात मेंदूचे फुगवटे दिसू लागलेले असतात, पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना कायखंडांच्या, म्हणजे पेशींच्या छोट्या ठोकळ्यांच्या, जोड्या ओळीने मांडलेल्या असतात आणि या सगळ्या काटेकोर समतोलात एकच अवयव मध्यरेषा सोडून बाजूला झुकलेला असतो. तो अवयव म्हणजे हृदयाची नळी. ती भ्रूणाच्या उजव्या बाजूला फुगलेली असते.

आमच्या प्रयोगशाळेतल्या एका स्लाईडमध्ये मात्र हा फुगवटा डावीकडे दिसत असे. मी दिसले तसे काढले आणि ती आकृती तांबड्या शाईने खोडली गेली. सूक्ष्मदर्शकात सगळे उलटे दिसते, म्हणून पुस्तकात आहे तसेच काढावे, असे मला सांगण्यात आले. ते स्पष्टीकरण चुकीचे होते, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. सूक्ष्मदर्शक प्रतिमेला अर्धा फेरा देतो. त्यामुळे डोके खाली येते आणि बाजूही बदलतात, पण भ्रूणाचा उजवा भाग उजवाच राहतो, कारण नुसत्या फिरवण्याने डाव्याचे उजवे होत नाही. त्या स्लाईडमध्ये भ्रूण काचेवर उताणा बसवलेला होता, म्हणजे पाठीऐवजी त्याचे पोट आमच्याकडे होते. एवढेच कारण होते. पण त्या खोडलेल्या आकृतीने माझ्या मनात जो प्रश्न रुजवला तो यापेक्षा बराच मोठा होता: आपली उजवी बाजू कोणती, हे त्या भ्रूणाला मुळात कळते कसे?

शरीराचे तीन अक्ष असतात: डोक्याकडून शेपटीकडे जाणारा, पाठीकडून पोटाकडे जाणारा आणि डावीकडून उजवीकडे जाणारा. यांपैकी पहिले दोन ठरवताना भ्रूणाला बाहेरच्या कशाचा तरी आधार घेता येतो. कोंबडीच्या अंड्यात बलकावर तरंगणारी पेशींची एक चकती असते. तिची बलकाकडची बाजू पोटाची होते आणि वरची, पांढऱ्याकडची बाजू पाठीची होते. डोके-शेपटीचा निर्णय तर अंडे घातले जाण्यापूर्वीच होतो. कवच तयार होत असताना अंडे कोंबडीच्या पोटात सुमारे २० तास स्वतःभोवती सावकाश फिरत राहते. त्यामुळे ती चकती तिरपी होते आणि गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीने तिची जी कड वर राहते ती शेपटीची होते. म्हणूनच कोंबडीचे अंडे बोथट टोक डावीकडे करून आडवे धरले, तर आतल्या भ्रूणाचे डोके बहुधा आपल्यापासून दूरच्या बाजूला असते. हा नियम भ्रूणशास्त्रज्ञ फॉन बेअर यांच्या नावाने ओळखला जातो. बेडकात हेच काम शुक्राणू करतो. तो अंड्यात ज्या ठिकाणी शिरतो त्याच्या साधारण समोरच्या बाजूला पाठ तयार होते.

तिसऱ्या अक्षाची अडचण वेगळ्याच जातीची आहे. गुरुत्वाकर्षणाला वर आणि खाली कळते. बलक एका बाजूला असतो आणि दुसऱ्या बाजूला नसतो. पण 'डावे' दाखवणारी अशी कोणतीही खूण बाहेरच्या जगात नाही. डोके आणि पाठ कुठे आहे हे ठरल्याशिवाय डावे-उजवे या शब्दांना अर्थच येत नाही. त्या दोन दिशा ठरल्यावर डावे आणि उजवे हात वेगवेगळे असल्याचे कळते, पण त्यांतला डावा कोणता हे तरीही कळत नाही. दूरध्वनीवरून अनोळखी माणसाला कोणतीही वस्तू न दाखवता 'डावे' म्हणजे काय हे समजावून देण्याचा प्रयत्न करून पाहिला, तर भ्रूणासमोरची अडचण ध्यानात येते.

नायजेल ब्राऊन आणि लुईस वोल्पर्ट यांनी १९९० मध्ये या अडचणीतून एक तर्कशुद्ध वाट सुचवली. ज्याची आरशातली प्रतिमा मूळ आकारापेक्षा वेगळी असते असा एखादा रेणू पेशीत असावा, म्हणजे त्या रेणूलाच अंगचा डावे-उजवेपणा असावा. असा रेणू पाठ-पोट आणि डोके-शेपटी या दोन दिशांना धरून नेमका बसवला, तर त्याची तिसरी दिशा आपोआप डावीकडे किंवा उजवीकडे रोखली जाईल. आपली प्रथिने एकाच हाताच्या, म्हणजे आरशातल्या दोन रूपांपैकी एकाच रूपाच्या, अमिनो आम्लांची बनलेली असल्यामुळे अशा रेणूंचा तोटा नाही. मला ही कल्पना फार सुंदर वाटते, कारण तिच्यात शरीराची दिशा थेट रेणूच्या आकारातून उगवते.

याचा पुरावा एका आजाराच्या वाटेने आला. १९३३ मध्ये मानेस कार्टागेनर यांनी काही रुग्णांचे वर्णन केले. या रुग्णांना सायनसचा आणि फुप्फुसांच्या नळ्यांचा जुनाट विकार होता आणि त्यांचे हृदय उजवीकडे, तर यकृत डावीकडे, म्हणजे नेहमीच्या उलट बाजूंना होते (भ्रूणातली नळी आधी उजवीकडे वळत असली तरी पूर्ण वाढलेले हृदय एरवी डावीकडे असते). या गोष्टी एकाच माणसात का आढळाव्यात, याचे उत्तर ब्योर्न आफ्झेलियस यांनी १९७६ मध्ये दिले. या रुग्णांच्या सिलिया, म्हणजे मराठी परिभाषेतल्या पक्ष्माभिका (पेशींवरचे केसासारखे बारीक तंतू), हलतच नव्हत्या, कारण त्यांना हलवणारे डायनीन हे प्रथिन त्यांत दिसत नव्हते. श्वासनलिकेतल्या पक्ष्माभिका बंद पडल्या की कफ साचतो, हे समजण्यासारखे आहे. आफ्झेलियस यांनी पुढे जाऊन असे सुचवले की भ्रूणातही अशाच पक्ष्माभिका अवयवांची बाजू ठरवत असाव्यात आणि त्या बंद असतील तर बाजू नाणेफेकीसारखी योगायोगाने ठरत असावी. या विकाराच्या साधारण निम्म्याच रुग्णांत अवयव उलटे असतात, हे त्या अंदाजाशी नेमके जुळत होते.

दोन दशकांनी तो अंदाज डोळ्यांना दिसला. टोकियो विद्यापीठात नोबुताका हिरोकावा यांच्या प्रयोगशाळेने १९९८ मध्ये उंदराच्या भ्रूणातल्या 'नोड' नावाच्या इवल्याशा खळग्यात पक्ष्माभिका गरगर फिरताना आणि तिथला द्रव सतत डावीकडे वाहताना पाहिला. गोल फिरणाऱ्या केसाने भोवरा व्हावा, प्रवाह नव्हे, अशी शंका इथे येते आणि ती रास्त आहे. उत्तर असे की या पक्ष्माभिका सरळ उभ्या नसून शेपटीच्या दिशेने कललेल्या असतात. फेऱ्याच्या अर्ध्या भागात प्रत्येक पक्ष्माभिका पृष्ठभागापासून उंच राहून द्रव जोराने डावीकडे ढकलते. उरलेल्या अर्ध्या भागात ती पृष्ठभागालगत घासत परत येते आणि तिथे द्रव चिकटून असल्यामुळे उजवीकडे फारसे काही ढकलले जात नाही. शेपटीकडचा कल पहिल्या अक्षातून येतो, पृष्ठभाग दुसऱ्या अक्षातून आणि फिरण्याची एकच ठरलेली दिशा डायनीनच्या आकारातून. ब्राऊन आणि वोल्पर्ट यांचा काल्पनिक रेणू जणू इथे प्रत्यक्ष हाती लागतो.

प्रवाह हेच कारण आहे आणि तो नुसता सोबती नाही, हे २००२ मध्ये शिगेनोरी नोनाका, हिरोशी हमादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंपाच्या साहाय्याने सिद्ध केले. निरोगी उंदराच्या भ्रूणावरून द्रव जोराने उजवीकडे वाहवला, तर त्याच्या बाजूही उलट ठरल्या. २०१२ मध्ये तर दोनच फिरत्या पक्ष्माभिका या निर्णयाला पुरेशा असल्याचे आढळले. खळग्यात अशा दोनशेच्या वर असतात, हे लक्षात घेतले की हा आकडा थक्क करतो.

आता कोंबडीकडे परत येते, कारण माझा प्रश्न तिचा होता. १९९५ मध्ये क्लिफर्ड टॅबिन यांच्या गटाने दाखवले की कोंबडीच्या भ्रूणात हृदय वळण्याच्या कितीतरी तास आधी 'सॉनिक हेजहॉग' हे जनुक हेन्सनच्या नोडच्या, म्हणजे उंदराच्या नोडशी जुळणाऱ्या कोंबडीतल्या भागाच्या, फक्त डाव्या बाजूला कार्यरत असते आणि त्याच्या पाठोपाठ 'नोडल' हे जनुकही डावीकडेच जागे होते. हेजहॉगचे प्रथिन त्यांनी उजव्या बाजूला दिले तेव्हा हृदय कधी उजवीकडे, तर कधी डावीकडे वळू लागले. मात्र उंदरासारखा पक्ष्माभिकांचा प्रवाह कोंबडीत नाही. तिच्या नोडभोवतीच्या पेशीच काही काळ डावीकडे सरकतात आणि त्यांच्याबरोबर त्यांतली जनुकांची मांडणीही बदलते. हे २००९ मध्ये दिसून आले. म्हणजे नोडलपासून पुढची साखळी दोन्ही प्राण्यांत जवळजवळ सारखी आहे, पण तिला पहिला धक्का देण्याची युक्ती वेगळी आहे. पाठ्यपुस्तके उंदराचे उत्तर सर्व कशेरुकी प्राण्यांच्या नावावर खपवतात, हे मला खटकते.

गोगलगायीत हा निर्णय आणखी आधी, अवघ्या चार पेशी असताना होतो. चाराच्या आठ पेशी होताना नव्या पेशी एका ठरलेल्या दिशेला वळून बसतात आणि पुढे शंखाचा वेढा त्याच दिशेचा होतो. २००९ मध्ये रेइको कुरोदा यांच्या गटाने काचेच्या बारीक सळईने त्या पेशी विरुद्ध दिशेला ढकलल्या. त्या भ्रूणांपासून उलट्या वेढ्याच्या गोगलगायी वाढल्या. आपल्याकडच्या देवघरातला दुर्मीळ दक्षिणावर्ती शंख याच प्रकारचा आहे. गंमत अशी की जीवशास्त्रात तो 'डावा' ठरतो, कारण जीवशास्त्रज्ञ शंखाचे वेढ्यांचे टोक वर धरून त्याचे तोंड कोणत्या बाजूला आहे ते पाहतात. दुसरे टोक वर धरले की तेच तोंड उजवीकडे येते. शंख मात्र तोच राहतो. अर्धा फेरा दिल्याने वेढ्याची दिशा बदलत नाही, आणि माझ्या जर्नलमधल्या आकृतीच्या बाबतीतही नेमके हेच घडले होते.

गेली काही वर्षे मीच ही प्रात्यक्षिके घेते. ३३ तासांची स्लाईड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की आधी भ्रूण पालथा आहे की उताणा आहे हे वहीत लिहायचे, मगच हृदय काढायचे, असे मी मुलांना सांगते. उताण्या भ्रूणाची ती जुनी स्लाईड मी मुद्दाम जपून ठेवली आहे आणि ती सगळ्यांत शेवटी देते.