लाँचने कामावर

लोकलच्या गर्दीने जीव मेटाकुटीला आला की, एवढा समुद्र उशाशी असताना आपण बोटीने कामावर का जात नाही, असे कोणीतरी विचारतेच. नरिमन पॉइंट ते बोरिवली जलवाहतुकीच्या घोषणा ऐकत मुंबईतील नोकरदारांची एक पिढी निवृत्त झाली. मला मात्र या प्रश्नाचे उत्तर वर्सोवा आणि मढ यांच्यामधल्या खाडीत सापडते. तिथली फेरीबोट काही मिनिटांत पैलतीर गाठते, आणि रस्त्याने जायचे तर मालाड-मार्वेमार्गे भलामोठा वळसा पडतो. फळीवरून दुचाकी आत ढकलणारा तरुण, मासळीची पाटी सावरणारी कोळीण, दप्तर पोटाशी धरलेले शाळकरी पोर, यांपैकी कोणीही समुद्राकडे कौतुकाने पाहत नाही. सोय अंगवळणी पडली आहे, याचीच ती खूण. मार्वे-मनोरीचेही तसेच.

बोरिवलीच्या बोटीला अशी आडवी खाडी ओलांडायची नसते. मुंबई उत्तर-दक्षिण लांबट, लोकलही त्याच दिशेने धावणारी, आणि पश्चिमेचा समुद्र पावसाळ्यात खवळणारा. रुळांना समांतर धावून लोकलशी स्पर्धा करणारी बोट पासाच्या दरात परवडणे कठीण, आणि वर्षातले काही महिने तर ती बंदच ठेवावी लागणार.

पूर्वेकडचे बंदर निवाऱ्याचे, पण तिथे गाळ आडवा येतो. भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोऱ्याला जाणारी लाँच जुनी आणि उपयोगाची. तरी मोऱ्याला मोठ्या ओहोटीत पाणी इतके उतरते की लाँच धक्क्याला लागू शकत नाही आणि फेऱ्या थांबवाव्या लागतात. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, कचेरीतले मस्टर मात्र जागचे हलत नाही. अशा स्थितीत 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल यांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. भरती-ओहोटी न पाहता धावणारी गाडी दाराशी आल्यावर मोऱ्याच्या धक्क्याकडे पाठ फिरवणाऱ्या उरणकराला दोष कसा द्यावा?

2022 साली बेलापूरसाठी वॉटर टॅक्सी सुरू झाली, तेव्हा वेगाचीच चर्चा फार झाली. तिकीट शेकड्यांत होते, आणि बेलापूरची जेट्टी रेल्वे स्थानकाला लागून नसल्यामुळे तिथवर पोहोचायला रिक्षा करावीच लागे. पाण्यावर वाचवलेला वेळ असा जमिनीवर खर्ची पडला, तर रोजचा प्रवासी तिकडे फिरकत नाही.

याउलट मांडव्याकडे पाहावे. गेटवेहून निघणाऱ्या कॅटामरानच्या तिकिटात मांडवा ते अलिबाग बसचे भाडेही धरलेले असते. प्रवासी उतरतो, जेट्टीवरून चालत बाहेर येतो आणि उभ्या असलेल्या बसमध्ये बसतो. पावसाळ्यात ही सेवा बंद असते, पण 2020पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसह माणसांना नेणारी रो-रो धावू लागल्याने त्या दिवसांतही मांडव्याची वाट खुली राहू शकते. नव्या जलमार्गाचा आराखडा समोर आला की, बोट ताशी किती सागरी मैल धावणार हे मी नंतर वाचतो. जेट्टीच्या तोंडाशी बस उभी राहणार का, ती स्थानकापर्यंत जाणार का आणि ओहोटीला तिथे किती पाणी असते, हे आधी शोधतो.