दाढांवर खड्डे नाहीत

कॅप बसवण्याआधी दाताचा डॉक्टर ज्या सिलिकॉननं तुमचं माप घेतो, त्याच सिलिकॉननं मी पॅरान्थ्रोपस बोइसेई या माणसाच्या नात्यातल्या, लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या प्राण्याच्या दाढांचं माप घेते. बीडीएस झाल्यावर दवाखाना टाकला नाही, नैरोबीत जीवाश्मांच्या दातांकडे वळले. दाढ आधी ॲसिटोननं पुसायची, कारण जुन्या संरक्षक लेपाचा पापुद्रा राहिला तर ठसा त्या लेपाचाच उमटतो. मग साच्यात इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारं राळेसारखं द्रव्य, हळूहळू सोडायचं. त्यात बुडबुडा राहिला तर सूक्ष्मदर्शकाखाली तो हुबेहूब खड्डा दिसतो, आणि बोइसेई काय खायचा हा आमचा सगळा वाद खड्ड्यांवरच आहे.

परवा इथली काही मराठी मंडळी प्रयोगशाळा बघायला आली. टांझानियातल्या ओल्डुवाईत १९५९ साली जीवाश्म संशोधक मेरी लीकींना सापडलेल्या बोइसेईच्या कवटीची प्रतिकृती एका आजोबांनी हातात घेतली. डोक्याच्या माथ्यावर मधोमध हाडाची उभी धार. जबड्याचा स्नायू कानशिलावरून थेट तिथवर चढायचा. गालफडं इतकी पुढे की नाक मागे बुडालेलं. दाढा आपल्या दुपटीहून मोठ्या, पुढचे दात मात्र चिमुकले.

"अगं, एवढा जबडा असून हा संपला कशानं?"

मी तोंड उघडायच्या आत सहकारी म्हणाला, "एकाच खाण्याला चिकटून बसला, बदलता आलं नाही." प्रदर्शनांच्या पाट्यांवरही हेच असतं. मला या उत्तराची चीड आहे. साधारण दहा लाख वर्षं टिकलेल्या प्राण्याला तीन लाख वर्षांच्या आपण नापास करायचं?

आजोबांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. कठीण कवच फोडणाऱ्याच्या दाढेवर खड्डे पडतात. इथे नुसते बारीक ओरखडे. २००८ साली सात जणांच्या दाढा तपासल्या, त्यांतही हेच निघालं. बोइसेईला पडलेलं 'अक्रोडफोड्या' हे टोपणनाव तरीही सुटत नाही. २०११ साली दातांतल्या कार्बनवरून कळलं की खाण्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग गवत आणि लव्हाळ्यांच्या जातीचा. जबडा दिवसभर चघळण्यासाठी होता.

"मग गवत आटलं का?" आजोबांनी विचारलं.

तेच तर अडतं. पूर्व आफ्रिकेत गवताळ प्रदेश वाढतच होता. तेच खाणारं थेरोपिथेकस नावाचं थोराड माकड पुढेही टिकलं. बोइसेईचा माग मात्र तेरा-बारा लाख वर्षांपूर्वी सुटतो. शेजारी होमो इरेक्टस हा आपला पूर्वज मानला जाणारा मानव होता. तुर्काना सरोवराकाठच्या एकाच चिखलात दोघांच्या मानल्या गेलेल्या पावलांचे ठसे आहेत. त्यानं हुसकावलं म्हणावं, तर त्याचं खाणं बरंच वेगळं.

आजोबांना एवढंच सांगू शकले. दुसऱ्या दिवशी त्या माकडाच्या दाढांचं माप घ्यायला परवानगीचा अर्ज टाकला.