केस पेपरवरचं जुनं वजन – माझा अनुभव

मावशीची तिसरी केमो. सिन्नरहून पहिल्या एसटीने निघून आठला नाशिकच्या डे-केअरमध्ये पोचलो. रक्ताचे रिपोर्ट ठीक होते. अडलं ते वजनावर.

डोसच्या कागदावर ५८ किलो होतं, म्हणजे पहिल्या दिवशीचं. दहा वाजता, मी मागे लागल्यावर, मावशीला काट्यावर उभं केलं. भरली ५१.

पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध तिला चौरस मीटरला १७५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे आधी बीएसए, शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, काढावं लागतं. मोस्टेलरचं १९८७ चं सूत्र मोबाइलवर जमतं: सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोतलं वजन, भागिले ३६००, मग वर्गमूळ. उंची १५२. जुन्या वजनाने १.५६, नव्याने १.४७. डोस २७४ वरून २५७ मिलिग्रॅम.

"सतरा मिलिग्रॅमने काय होतंय?" असं ऐकवलं गेलं. वर्गमूळामुळे वजन बारा टक्के घटलं तरी बीएसए सहाच टक्के उतरतो, हे खरं. पण वजनात पाच-दहा टक्के फरक पडला की डोस नव्याने काढायचा, अशी पद्धत बहुतेक ठिकाणी आहे. शिवाय सात किलो गेले कुठे, तोंड आलंय का, जेवण जातंय का, हे डॉक्टरांना कळायला नको? दुरुस्तीवर सही त्यांचीच लागते आणि ते राउंडला. सहीशिवाय फार्मसी औषध बनवत नाही, ते योग्यच. राग याचा, की आठला केस पेपर काढतानाच वजन घेतलं असतं तर हे दोन तास गेलेच नसते. सही व्हायला सव्वाबारा झाले.

म्हणून आल्या आल्या वजन करून घ्या, चपला काढून, दर वेळी त्याच काट्यावर. बाटलीत औषध मिसळल्यावर डोस बदलायचा म्हणजे बहुधा ती वाया. पोटात पाणी किंवा पायांवर सूज असेल तर आधी सांगा, काट्यावर ती वजन म्हणूनच भरते.

उंची तोंडी सांगू नका, मोजायला लावा. १५२ चे १६२ लिहिले गेले तर मावशीचा बीएसए तीन टक्क्यांनी वाढतो.

सोबतचं कार्बोप्लॅटिन बीएसएवर ठरत नाही, किडनीच्या कामावर ठरतं. पण क्रिएटिनिनवरून (रक्तातला, किडनीचं काम दाखवणारा घटक) तो हिशेब करताना सहसा वजनही धरतात, तेव्हा जुना आकडा तिथेही नडतो. सही घेताना दोन्ही औषधांचे आकडे बदललेत ना, ते पाहा.