तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्रा पाळू की मांजर?

गणपती जवळ आले की डोंबिवलीतली आमची निम्मी बिल्डिंग कोकणात जाते आणि माझ्या दारामागच्या खुंट्यांवर दुसऱ्यांच्या घरांच्या किल्ल्या लटकायला लागतात. मागे राहिलेली कुत्री-मांजरं मी सांभाळते. दिवसातून दोन-तीनदा त्यांच्या घरी जायचं, खायला घालायचं, कुत्र्याला खाली फिरवून आणायचं, मांजराचा शी-शूच्या वाळूचा (लिटरचा) ट्रे साफ करायचा आणि मग अर्धा तास तिथेच त्यांच्याजवळ बसायचं. ११ वर्षं झाली. किल्ली द्यायला येणाऱ्यांबरोबर कुणी ना कुणी असतंच. शेजारीण असते, नाहीतर भाऊ-भावजय. मग विचारणा होते, "काकू, आम्हालाही पाळायचंय. कुत्रा चांगला की मांजर?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. घरातली सगळी माणसं सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला परतत असतील, तर मांजर आणा, जमलं तर दोन. दिवसा घरी कुणी असेल आणि ते माणूस भर पावसातही खाली उतरणारं असेल, तर कुत्रा आणा. हे ऐकून बरेच जण हिरमुसतात, कारण मनात कुत्रा आधीच ठरलेला असतो. मीही कुत्र्यांच्याच वेडाची आहे. म्हणूनच सांगते.

सातव्या मजल्यावर बंड्या नावाचा लॅब्रेडोर आहे. घरचे गावाला गेले की तो दाराशी, चपलांच्या स्टँडला पाठ लावून पडून राहतो. जेवण वाढलं की जेवतो, खाली नेलं की येतो, सगळं शहाण्यासारखं करतो. मग तो अर्धा तास मी त्याच्याकडे बघत बसते. लिफ्टचा आवाज आला की त्याची मान वर होते. लिफ्ट सातव्यावर थांबली की तो उठून उभा राहतो, शेपूट हलायला लागतं. पावलं शेजारच्या दाराकडे वळली की शेपूट थांबतं आणि तो परत खाली बसतो. मी असते तेवढ्या वेळात हे तीन-चारदा होतं. गावाला गेलेली माणसं निदान आठवड्याने येतात आणि पुढचे कित्येक महिने कुठे जात नाहीत. नोकरीवर जाणाऱ्यांच्या कुत्र्याचं हे रोज चालू असतं. घरच्यांनी ते कधी पाहिलेलं नसतं, कारण तेव्हा पाहायला घरात कुणीच नसतं.

शेती सुरू व्हायच्या आधीपासून, निदान पंधरा हजार वर्षं, कुत्रा माणसांच्या टोळीत राहत आलाय. टोळी शिकारीला निघाली की तोही निघायचा. मागे राहणं त्याच्या रक्तात कुठेच नाही.

मांजर धान्याच्या कोठारांमागून आलं, उंदरांच्या वासाने. त्याची शिकार एकट्याची. ते दिवसाचा बराच वेळ झोपून काढतं आणि पहाटे, संध्याकाळी हुशार होतं. नोकरदार माणूस घरी असतो, साधारण त्याच्या आसपासच्याच या वेळा. म्हणून मी मांजर सुचवते. त्याला माया कमी असते, असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. आपल्याकडे म्हणतात, कुत्रा माणसाला धरून राहतो आणि मांजर घराला. मीही ते मानायचे, ठकी भेटेपर्यंत.

ठकी म्हणजे राखाडी पट्ट्यांची, गुबगुबीत मांजरी. तिची ताई पहिल्यांदाच आठ दिवसांसाठी बाहेर गेली होती. घर तेच, खिडकी तीच, वाटीही तीच, पण ठकी पलंगाखाली शिरली ती बाहेर येईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही वाटी भरलेली. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचायला लागते, आणि लठ्ठ मांजराला तर धोका जास्तच. सकाळपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या. त्या रात्री मी ताईचा वापरलेला गाऊन धुण्याच्या बादलीतून काढून पलंगाखाली सरकवला. बिनमिठाचं चिकन उकडून त्याचं पाणी कोमट करून ठेवलं, दिवा घालवला आणि फरशीवर बसून राहिले. अकरा वाजून गेल्यावर अंधारात चाटण्याचा लपलप आवाज आला. मला रडू आलं.

घर तर होतं तिथेच होतं. ठकीला माणूस हवं होतं.

सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी पुरलेलं मांजर सापडलंय. त्या बेटावर मुळात मांजरं नव्हतीच, म्हणजे कुणीतरी समुद्रापलीकडून होडीत घालून आणली. आणली असतील उंदरांसाठी. पण शेवटी अगदी शेजारी निजवलं, ते उंदरांसाठी नव्हे. मांजराला आपमतलबी म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

तेव्हा मांजर आणलंत म्हणजे आठवडाभर वाटीत खाणं ओतून कुलूप लावता येतं, असं समजू नका. रोज कुणीतरी जायला हवं, आणि खाल्लं का ते बघायला हवं. मांजर दुखणं लपवतं. बोका ट्रेमध्ये जाऊन नुसता ताटकळत असेल, लघवी होत नसेल, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री डॉक्टरांकडे जा.

घर पूर्ण शाकाहारी असेल तर मात्र मांजर आणू नका. कुत्रा माणसाजवळ राहून आपलं अन्न पचवायला शिकला. पिठूळ पदार्थ पचवण्याची त्याची ताकद लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. डॉक्टरांना विचारून आखलेल्या शाकाहारी जेवणावर तो राहू शकतो. मांजराला टॉरिन नावाचं पोषणद्रव्य लागतं, ते मांस-मासळीत असतं आणि त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही. ते कमी पडलं तर डोळे जातात, हृदय दुबळं होतं. "आमची आजी तर मांजराला दूधभातच घालायची," असं कुणीतरी म्हणतंच. आजीचं मांजर दूधभात खाऊन माळ्यावर जायचं आणि उंदीर धरायचं. तुमच्या फ्लॅटमधल्या मांजराला वाटीत असेल तेवढंच.

दोन गोष्टी पाठच करून ठेवा. मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, अर्धी गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते. आणि कुत्र्याच्या पाठीवर सोडायचे गोचिडांचे औषधी थेंब मांजराला लावू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, त्याने मांजराला झटके येतात.

आणि खिडक्यांना जाळी. मांजर कसंही पडलं तरी चार पायांवर पडतं म्हणतात. पाचव्या मजल्यावरून चार पायांवर पडलेल्या मांजराचा जबडा आणि पुढचे दोन्ही पाय मोडलेले मी पाहिलेत.

कुत्राच आणणार असाल तर आपला गावठी आणा. डोंबिवलीच्या मे महिन्यात बर्फाळ मुलखातला हस्की आणणं हा मला त्या जिवावरचा अन्याय वाटतो, आणि चपट्या नाकाच्या पग जातीच्या कुत्र्याला तर नीट श्वासही घेता येत नाही. गावठी पिल्लू या हवेतच जन्मलेलं असतं. त्याला लसी द्या, नसबंदी करा. पावसाळ्यात रोज कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी शोधा. सोसायटी आडवी आली तर घाबरू नका. कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, हे भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलंय.

माझ्या घरी आज कुत्रा नाही. काळू होती, चौदा वर्षं. तेव्हा आई घरी असायची. ती भाजी निवडायची आणि काळू तिच्या पायावर हनुवटी ठेवून पडायची. आई गेली, वर्षभराने काळूही गेली. आता मी दिवसभर इतरांच्या घरी असते, म्हणून भाजी मार्केटमधून आणलेल्या दोन मांजरी आहेत. रात्री दार उघडलं की दोघी शेपट्या उभ्या करून पुढे येतात. पण एखादं काळं पिल्लू दिसलं की मला पुढे चालवत नाही.

परवा एक नवरा-बायको आले होते. बीगल जातीच्या कुत्र्याचं पिल्लू बघून ठेवलेलं, पैसेही भरायचे होते. दोघांची नोकरी मुंबईत, लोकलने. मी फार काही बोलले नाही. बंड्याची किल्ली माझ्याकडे होती, त्याच्या घरच्यांना फोनवर विचारलं आणि दोघांना वर घेऊन गेले. आम्ही तिघं सोफ्यावर बसलो. लिफ्ट चार वेळा थांबली, बंड्या चार वेळा उठला.

निघताना मी कुलूप लावलं आणि लिफ्टचं बटण दाबायला हात पुढे केला. त्या मुलीने माझा हात धरला. म्हणाली, "नको काकू, तो परत उठेल." सात मजले आम्ही जिन्याने उतरलो.