चार मिलिमीटर

माझ्या गिटारच्या सरांनी माझा चेहरा अजून पाहिलेला नाही. मीही त्यांचा पाहिलेला नाही. त्यांच्या व्हॉट्सअॅपच्या फोटोत गिटार आहे आणि माझ्या फोटोत आमच्या गॅलरीतली जास्वंद. दीड वर्ष झालं, आठवड्याला एक धडा सुरू आहे, आणि ओळख म्हणाल तर ती फक्त हातांची. त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर एक उभी रेघ आहे. मांडीवर गिटारखाली कायम लाल-पांढऱ्या चौकड्यांचा गमछा असतो. पंख्याची सावली त्यांच्या मनगटावरून फिरत राहते आणि मागे कावळे ओरडतात. त्यांना माझ्याबद्दल याहून बरंच जास्त ठाऊक असणार, कारण मी पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये आमचं अख्खं घर वाजत असतं.

ते कोलकात्यात, मी पुण्यात. आझाद हिंद एक्सप्रेसने गेलं तर साधारण दोन हजार किलोमीटर. वयाने ते माझ्या पुतण्याएवढे. तरी मी त्यांना सर म्हणतो आणि ते मला दादा म्हणतात. आमची भाषा हिंदी. त्यांच्या हिंदीत सगळ्या बायका पुरुष होतात आणि माझ्या हिंदीत मराठी क्रियापदं घुसतात, त्यामुळे कुणालाच कुणाची लाज वाटत नाही.

स्टील गिटारचं खूळ जुनं. लहानपणी विविध भारतीवर एखादा कार्यक्रम दोन मिनिटं आधी संपला की पुढच्या कार्यक्रमापर्यंत सिनेमाच्या गाण्याची धून लावत. शब्द नाहीत, नुसता सूर, आणि तो सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी न मारता ओल्या फरशीवरून घसरत गेल्यासारखा जायचा. हजारा सिंग, वॅन शिप्ले, सुनील गांगुली ही वादकांची नावं तेव्हाच कानावर पडली. हे वाद्य म्हणजे गिटारच, ती मांडीवर आडवी ठेवतात आणि तारांवर लोखंड फिरवतात, हे कळायला मात्र कॉलेजची वर्षं उजाडली. नोकरीत असताना जमलं नाही. निवृत्तीनंतर ‘आता काय करणार’ असं विचारणाऱ्यांना उत्तर म्हणून मी गिटार घ्यायला गेलो.

दुकानातल्या म्हाताऱ्या मालकांनी लगेच विचारलं, “स्पॅनिश का हवाईन?” हवाईन हे स्टील गिटारचंच दुसरं नाव. त्यांच्या नातवाने मात्र “हवाईन म्हणजे उकुलेले का?” असं विचारून आजोबांचा मूड घालवला. वेगळी हवाईन गिटार नव्हतीच. साधी गिटार घेतली, आणि तिच्या मानेच्या टोकाला जिथून तारा खुंट्यांकडे जातात तिथे बसवायची एक धातूची पट्टी मालकांनी खालच्या खणातून शोधून काढली. त्या पट्टीने तारा उचलल्या जातात, म्हणजे वर लोखंड फिरलं तरी खालच्या पडद्यांना, मानेवरच्या आडव्या धातूच्या रेघांना, टेकत नाही. आणि ते लोखंड, म्हणजे बार. खलबत्त्यातल्या बत्त्याच्या पोटी जन्माला आलेलं पोर. पहिल्याच आठवड्यात रात्री साडेदहाला माझ्या हातून निसटून ते फरशीवर पडलं, आणि खालच्या मजल्यावरचे काका सकाळी “सगळं ठीक आहे ना?” म्हणून जिन्यात उभे.

पुण्यात शिकवणारं कुणी सापडेना. सतार, सरोद, बासरी म्हणाल ते मिळेल. स्पॅनिश गिटारचे क्लास तर गल्लीला एक. हवाईन म्हटलं की सगळे कोलकात्याकडे बोट दाखवत. त्यालाही कारण आहे. हवाईच्या ओआहू बेटावर लाइए नावाचं गाव आहे. तिथला जोसेफ केकुकू नावाचा शाळकरी मुलगा १८८०च्या दशकात गिटारच्या तारांवर धातूचा तुकडा घासून पाहू लागला. कुणी म्हणतं, रेल्वेच्या रुळांजवळ सापडलेला बोल्ट होता; कुणी सुरीचं नाव घेतं, कुणी कंगव्याचं. तिथून हे वाद्य अमेरिकेत गेलं आणि पुढे फिरत्या वादकांबरोबर जगभर. ताऊ मो आणि त्याचं कुटुंब असंच फिरत फिरत भारतात आलं आणि १९४०च्या दशकात काही वर्षं कोलकात्यात राहिलं. बंगाल्यांना मींडेचं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्याचं, वेड आधीपासूनच. रवींद्रसंगीत या गिटारवर इतकं चपखल बसलं की एके काळी तिथल्या मध्यमवर्गीय घरांत मुलामुलींना हवाईन गिटार शिकवायची पद्धतच होती, आपल्याकडे पेटी शिकवत तशी.

म्हणून कोलकाता. ओळखीच्या ओळखीतून सरांचा नंबर मिळाला.

पहिला धडा आम्ही रीतसर व्हिडिओ कॉलवर घेतला, दोघांचेही कॅमेरे हातांवर. मी तार छेडली, बार हळूहळू वर सरकवला, आणि सर म्हणाले, “दादा, बजाइए.” मी म्हटलं, वाजवतोय की! पुन्हा वाजवलं. पुन्हा “बजाइए.” दहा मिनिटांनी उलगडा झाला. फोनमध्ये आजूबाजूचा गोंगाट गाळायची सोय असते. माणसाचं बोलणं तुटक असतं, ते ती जाऊ देते. एकसारखा लांब चालणारा आवाज आला की तिला वाटतं पंखा किंवा मिक्सर सुरू आहे, आणि ती तो कापून टाकते. म्हणजे तार छेडल्याचा ‘टण्’ सरांपर्यंत पोचत होता आणि त्यापुढची मींड, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती फोन पंखा समजून गिळत होता. स्टील गिटारचा याहून मोठा अपमान कुणी केला नसेल.

शिवाय कॉलवर आवाज पोचायला लागणारा वेळ आहेच. अर्ध्या सेकंदाच्या फरकाने दोन माणसं एकत्र वाजवू शकत नाहीत. म्हणून सरांनी कॉल बंद केला तो कायमचा. आता पद्धत अशी: मी फोनवर साधं रेकॉर्डिंग करायचं, फक्त हात दिसतील असं. ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं, नाहीतर व्हॉट्सअॅप दाबून दाबून त्याचा लगदा करतं. सर दोन दिवसांत ऐकणार, आणि मग उत्तर. उत्तरात कधी बोलणं, कधी त्यांचे हात, कधी नुसताच एक आकडा: “१:१२”. म्हणजे एक मिनिट बाराव्या सेकंदाला काय केलंत ते तुम्हीच ऐका. या आकड्यांची मला भीती वाटते. शाळेत वहीवर लाल पेनाने नुसतं प्रश्नचिन्ह काढणारे एक गुरुजी होते, त्यांची आठवण येते.

दूर बसून ही गिटार शिकणं तसं नवीन नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँडची ओआहू पब्लिशिंग कंपनी हवाईन गिटारचे छापील धडे घरोघर पोचवायची, आणि टपालाने धडे पाठवणाऱ्या संस्था त्याही आधीपासून होत्या. एखाद्या शेतावरचा पोरगा कंदिलाजवळ बसून पान तिसरं वाजवत असेल, तर चुकतोय की बरोबर हे त्याला कोण सांगणार? धडा सगळ्यांना एकच, आणि लिफाफ्याला कान नसतात. यूट्यूबवर आज जे शिकवतात तेही बहुतेक लिफाफेच. मी आधी सहा महिने तेच उघडत होतो.

सरांना कान आहेत. पहिल्याच खेपेला त्यांनी माझी थरथर पकडली. स्टील गिटारवर सूर लावला की बार किंचित मागेपुढे हलवतात, त्याने सुराला जीव येतो. मी प्रत्येक सुरावर हलवत होतो आणि मनात म्हणत होतो, वा, किती हवाई वाटतंय. सरांचं उत्तर आलं: “दादा, ये कंबल मत ओढ़ाइए. पहले सुर दिखाइए.” पकडला गेलोच की. सूर नेमका सापडत नसला की हात आपोआप हलायला लागतो; दोन्हीकडे डुलवलं की मधे कुठेतरी खरा सूर येऊन जातोच. ऑफिसात उत्तर माहीत नसलेला साहेब जसा एकाच वाक्यात दोन्ही बाजू बोलतो, तसं. एक अख्खा महिना त्यांनी मला थरथर बंद ठेवायला लावली. त्या महिन्यात घरातल्यांनी फार सोसलं. जिन्यावरून म्हातारं मांजर घसरतंय असं वाटतं, हे मत आतून आलं आणि मी ते शांतपणे ऐकून घेतलं.

आणि मग निघाला गांधार, म्हणजे सरगममधला ग.

सहा तारा, जाडीकडून बारीककडे: सा प सा ग प सा. नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी कान सुखावतो. मी फोनवरच्या ट्यूनरने तारा लावायचो. हिरवा दिवा लागला की झालं. बारीक तारेवर चौथ्या पडद्याच्या बरोबर डोक्यावर बार धरला की ग. पडद्याच्या मागे नाही, थेट वर, कारण इथे पडदा नुसती खूण असतो. सूर बार ठरवतो. मी रेघेवर रेघ धरत होतो. सर म्हणाले, ग चढा आहे. मी ट्यूनर लावून दाखवला, हिरवा दिवा. सर म्हणाले, “वो मशीन का गा है. मुझे तानपुरे का गा चाहिए.”

मी हिशेब करायला बसलो, जन्मभर तेच केलंय. ट्यूनर आणि पडदे सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग करतात. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार त्या भागांत बसत नाही. तो थोडा खाली असतो. माझ्या गिटारच्या तारेची लांबी पंचवीस इंच. तिच्यावर चौथ्या पडद्यापाशी हा फरक येतो चार मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याहूनही कमी. तेवढा बार मागे घ्यायचा. आणि दोन हजार किलोमीटरवरून एक पोरगा मला सांगतोय की ते चार मिलिमीटर मी खातोय.

मग त्यांनी परीक्षा घेतली. डोळे मिटून ग लावा. पडदे बघायचे नाहीत, ट्यूनर नाही, नुसतं ऐकून. मी दहा वेळा लावला, दहाही वेळा पाठवला. वाटलं होतं, दहा वेगवेगळ्या जागी पडेल. उत्तर आलं तेव्हा पहिलं वाक्य कौतुकाचं होतं: दहाही वेळा एकाच जागी. दुसरं वाक्य: “लेकिन चढ़ा हुआ. दादा, आपके घर में हारमोनियम था क्या?”

मी फोन खाली ठेवला.

होती. अण्णांची पेटी. दर एकादशीला विठ्ठलाच्या देवळात भजनाला ते पेटीवर, आणि एरवी रोज संध्याकाळी घरी. पोट आणि पेटी दोन्ही सांभाळून बसलेली त्यांची आकृती अजून दिसते. पेटीला १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने बाहेर ठेवलं होतं. तिच्यावर मींड येत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधल्या बारीक जागा, निघत नाहीत, म्हणून. अण्णांना तो घरचा अपमान वाटायचा. रेडिओवर कुणी गवई सारंगीच्या साथीने गायला लागला की ते म्हणायचे, “गातोय चांगला, पण पेटी असती तर बसला असता.” माझे कान त्या पेटीपाशी बसून तयार झाले. त्या पट्ट्यांचा ग तोच माझा ग. तो कुणीतरी बारा सारख्या भागांत कापलेला आहे हे अण्णांनी कधी सांगितलं नाही. बहुधा त्यांनाही कुणी सांगितलं नसावं. आणि मी निवृत्तीनंतर उचललं नेमकं ते वाद्य, ज्याला मींडेखेरीज दुसरं काही येतच नाही!

ब्रिजभूषण काब्रांनी याच आडव्या गिटारवर रागसंगीत उभं केलं, आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बरोबरीने ती वाजते. तबल्यावर आपले माणिकराव पोपटकर. ही तबकडी मी कितीदा ऐकली असेन. आता पुन्हा लावली, फक्त गांधारासाठी. काब्रांचा ग ऐकताना कान अडखळला. इतकी वर्षं तो मला गोड वाटायचा आणि का ते ठाऊक नव्हतं.

गेल्या रविवारी माळ्यावरून पेटी काढली. भात्याला वाळवी नाही, एवढं नशीब. दोन सूर मुके आणि एक सतत बोलणारा, सभेत असतो तसा. पेटीचा सा आजच्या ट्यूनरशी जुळेना, म्हणून गिटारच उतरवून पेटीच्या पांढरी दोनला, म्हणजे दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला, लावली. मग उजव्या हाताने काळी तीन, म्हणजे अण्णांचा ग, दाबून धरायला आणि डाव्या हाताने भाता मारायला मुलाला बसवलं. बारीक तारेवर मी बार चौथ्या पडद्यावर आणला. दोन्ही सूर एकमेकांत मिसळून गेले. तिथून बार मागे घ्यायला लागलो. एक मिलिमीटर, दोन. आवाज डुलायला लागला, पाळणा हलावा तसा, आधी सावकाश आणि मग भराभर. चार मिलिमीटरवर थांबलो तेव्हा सेकंदाला साधारण तीन झोके पडत होते. अण्णांचा ग एका बाजूला, तानपुऱ्याचा दुसऱ्या बाजूला, आणि मधे ते झोके. मुलगा म्हणाला, “बाबा, हे बेसूर आहे ना?” मी म्हटलं, भाता मार.

मिनिटभराचं रेकॉर्डिंग केलं आणि पाठवून दिलं. खाली लिहिलं: सर, ही माझ्या वडिलांची पेटी.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, नऊ सेकंदांचं. आधी कावळे. मग सर.

“दादा, ०:४१. छोटी उंगली उठ गया है.”

करंगळी बारच्या मागे तारांवर टेकलेली असावी लागते, नाहीतर मागच्या बाजूने तारा कुरकुरतात. मी एक्केचाळिसावा सेकंद लावून पाहिला. खरंच, चहाचा कप धरल्यासारखी वर उठली होती.