दिवाळीच्या भेटी आणि चितारआळीतली फळे

गेल्या दिवाळीत पुण्यातल्या भाचीसाठी मी एका संकेतस्थळावरून 'सावंतवाडीची लाकडी फळे' मागवली. परडी उघडली तेव्हा केळ्याचा पिवळा रंग बोटांना लागला, आणि आंब्याचा देठ खोबणीत बसवलेला नसून नुसता चिकटवलेला होता. मी राहते वेंगुर्ल्यात आणि सावंतवाडी एसटीने तासाभराच्या अंतरावर आहे, त्यामुळे रागापेक्षा मला लाजच अधिक वाटली.

या वर्षी म्हणून दसरा झाल्यावर लगेच सावंतवाडीतली चितारआळी, म्हणजे लाकडी फळांच्या दुकानांची गल्ली, गाठली. ज्या दुकानात गेले तिथे पुढे मांडणी आणि मागे काम, अशी व्यवस्था होती. गिऱ्हाईक नसलेल्या वेळात दुकानदार काका एका पेरूला देठाजवळ हिरवट छटा देत बसले होते. कुंचला एकदाच टेकवायचा, मग पेरू किंचित फिरवायचा, पुन्हा टेकवायचा. ही फळे पूर्वापार पांगाऱ्याच्या लाकडाची करीत, कारण ते हलके असते आणि कोरायला सोपे जाते. मला बारा फळांची परडी हवी होती, पण मांडणीत सीताफळ नव्हते. "ताई, रंग सुकाक दोन दिस तरी व्हयेत," असे सांगून त्यांनी आठ दिवसांनी यायला सांगितले. घाई असती तर त्यांनी ओल्या रंगाचे फळ दिले नसते, आणि गेल्या वर्षी मी पैसे मोजूनही जे मिळाले नाही ते नेमके हेच होते.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफांचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या खेळपत्त्यांचे, काम अजून चालते, तेही पाहून आले. दशावतारी गंजिफांच्या एका संचात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे 120 गोल पाने असतात. हाताने रंगवलेला पूर्ण संच माझ्या ऐपतीबाहेरचा होता. आपल्याकडे 'स्थानिकांकडून घ्या' असे सांगताना किमतीविषयी सहसा कोणी बोलत नाही, म्हणून हे स्पष्टच लिहिते. हाताचे काम महाग असते, ते घासाघीस करून स्वस्त करण्यापेक्षा परवडेल ती लहान वस्तू पूर्ण किमतीला घ्यावी, असे माझे मत झाले आहे. मुंबईहून गणपतीला आलेली आमचीच मंडळी मॉलमध्ये निमूटपणे पैसे देतात आणि इथे खाजाच्या पुड्यावर दहा रुपये कमी करायला लावतात, हे मी दरवर्षी पाहते.

दुकान गावातले असले म्हणून माल गावातलाच असतो, असेही नाही. काजूचेच पाहा. आपल्या देशातले कारखाने आफ्रिकेतूनही मोठ्या प्रमाणावर कच्ची बी आणतात, त्यामुळे कोकणातल्या दुकानातला प्रत्येक गर कोकणातल्या झाडाचाच असेल असे नाही. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, आणि इथल्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या 'वेंगुर्ला-4' आणि 'वेंगुर्ला-7' या जाती आमच्याकडच्या बागांमध्ये सर्रास दिसतात. बी कोणाच्या बागेतली, हे विचारले तर ओळखीचा दुकानदार सांगतो. जो विषय बदलतो त्याच्याकडून मी घेत नाही.

विचारण्याचा फायदा दुसऱ्या बाजूनेही आहे. दोन वर्षांपूर्वी नणंदेला मी कोकमाचे आगळ पाठवले होते. आगळात साखर नसते, मीठ असते. साखरेचे ते अमृत कोकम. त्यांनी सरबत समजून अर्धा पेला आगळात थोडे पाणी घातले आणि पाहुण्यांपुढे ठेवले. पुढचे सांगायला नको. आमच्या बाजारातल्या काकू बाटली देताना प्रत्येक गिऱ्हाइकाला हा फरक सांगतात, शिवाय सोलकढीसाठी किती घालायचे तेही सांगतात; मीच ते पुढे कळवायला विसरले होते.

आठ दिवसांनी सीताफळासह परडी मिळाली. भाचीकडे जाणाऱ्या खोक्यात ती, अर्धा किलो काजू आणि खाजे बसले. नणंदेच्या खोक्यात या वेळीही आगळच आहे, फक्त बाटलीवर मी मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली आहे: 'सोलकढीसाठी. मीठ आधीच आहे. पाहुण्यांना पेल्यातून देऊ नये.'