अण्णांच्या मशीनवरचा जुना मॅक्रो

बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत मी पगाराचं काम बघतो. पंचिंग मशीन महिनाअखेरीला कामगारांच्या तासांची फाइल देतं. दर पानाला पुन्हा मथळा, मध्ये रिकाम्या ओळी, तास दिसायला आकडे, पण एक्सेलच्या लेखी नुसती अक्षरं. निवडायला तासभर जायचा, म्हणून एक्सेलमध्ये मॅक्रो रेकॉर्ड केला, म्हणजे एकदा केलेल्या कृती नोंदवून ठेवायच्या आणि पुढं बटणं दाबली की त्या आपोआप होतात. पहिला त्याच महिन्याच्या फाइलीत केला आणि फाइल एक्सएलएसएक्स म्हणून सेव्ह केली. त्यात मॅक्रो राहत नाही. एक्सेलनं तसं विचारलंही होतं, मी न वाचता 'येस' दाबलं. दुसऱ्यांदा 'पर्सनल मॅक्रो वर्कबुक' निवडलं. ही वेगळी फाइल एक्सेलबरोबर गुपचूप उघडते, मग समोर कुठल्याही महिन्याची फाइल असो, कंट्रोल-शिफ्ट-एच दाबायचं.

परवा पगाराच्या आदल्या दिवशी कॉम्प्युटर फॉरमॅट करावा लागला. फॉरमॅट करणारं पोरगं विचारत होतं, "सर, काय ठेवायचंय?" मी रुबाबात सांगितलं, "डी ड्राइव्ह सोडून सगळं उडव." मॅक्रोची ती वेगळी फाइल, पर्सनल डॉट एक्सएलएसबी, होती सी ड्राइव्हवर, अ‍ॅपडेटाच्या पोटात एक्सएलस्टार्ट फोल्डरात. अ‍ॅपडेटा एरवी दिसतही नाही. नाव पर्सनल, म्हणून ती आपल्याजवळच असणार, असं मी धरून चाललो होतो!

दुपारी आठवलं, स्टोअरच्या अण्णांना मी तीच फाइल कधीतरी दिली होती.

"अण्णा, ते अजून आहे काय?"

"कोण काढलाय त्याला? हाय तसंच हाय की."

पेनड्राइव्हवर आणून एक्सएलस्टार्टमध्ये टाकली, एक्सेल उघडलं, बटणं दाबली. यादी झरझर साफ. चहा मागवला.

चहा येईपर्यंत खाली बघितलं तर शेवटच्या सहा जणांचा ओव्हरटाइम शून्य. सगळी खानापूरकडची, यंदा लागलेली पोरं. रविवारी मोल्डिंगमध्ये त्यांना मी स्वतः बघितलेलं. आल्ट-एफ11 दाबून कोड उघडला. रेंज ए2 ते एच240, म्हणजे 240व्या ओळीपर्यंतच. रेकॉर्ड करताना मी माउसनं जेवढं निवडलं, तेवढेच पत्ते त्यानं लिहून ठेवलेले. पुढं माणसं वाढली. 240च्या खालचे तास अक्षरंच राहिले आणि बेरजेनं ते सोडून दिले. शेवटची भरलेली ओळ शोधणारी दुरुस्ती मी नंतर केली होती, पण ती फक्त माझ्या मशीनवर, म्हणजे सकाळीच गेलेली. अण्णांकडची प्रत त्याआधीची.

ती ओळ पुन्हा लिहिली, मूळ फाइलीवर मॅक्रो चालवला, सहाही जणांचे तास आले. एक्सेल बंद करताना पर्सनल वर्कबुकमधले बदल ठेवायचे का म्हणून विचारलं. या वेळी वाचून 'सेव्ह' दाबलं, एक प्रत डी ड्राइव्हवर टाकली आणि पेनड्राइव्ह घेऊन खाली गेलो.

"परत काय राहिलं?" अण्णा.

"तुमच्याकडचं बदलायचंय."

"चालत होतं की ते!"

"तेच तर," म्हटलं.